पिवळं कार्ड ट्रंकेत

पत्र :

ताई, मी पुण्यात एस.वाय.बी.ए.ला आहे. विषय भूगोल, गाव पारनेर तालुक्यात. नववीत असताना डॉक्टरांनी आरपी (रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार) सांगितला. दिवसा समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. तिन्हीसांजेनंतर जवळजवळ काहीच नाही. दहावी-बारावीला आमच्या मुख्याध्यापक सरांनीच धावपळ करून रायटर (लेखनिक) आणि जादा वेळ मिळवून दिला होता. इथे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मागच्या सत्रात दोन पेपर अर्धे राहिले आणि दोन्ही विषय गेले. मॅडम म्हणाल्या, अभ्यास कमी पडतोय. मैत्रिणी म्हणतात मी शिष्ट आहे, हात केला तरी बघत नाही. एकदा जिन्यात पडले तेव्हा एकजण म्हणाली, मोबाईल तर बरोबर वाचतेस! दिव्यांगाचं पिवळं कार्ड आहे, पण ते आईच्या ट्रंकेत. पप्पा म्हणतात, सांगू नकोस, उद्या स्थळं बघताना नडेल. सांगू का? आणि सांगून मिळणार काय?
ता.क. पांढरी काठी घ्यावीच लागते का?
– अ., पुणे

उत्तर :

प्रिय अ.,

तुझं पत्र मी दोनदा ऐकलं. वाचलं म्हणत नाही, कारण गेली बरीच वर्षं माझं वाचन मोबाईलच करतो. आपल्या लोकांच्या बोलीत सांगायचं तर मी कॉलेजात असताना ‘पार्शियल’ म्हणजे थोडं दिसणारी होते, आता ‘टोटल’च्या, म्हणजे अजिबात न दिसण्याच्या वेशीवर आहे. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप वाचणारी मुलगी जिन्यात कशी पडते, हे मला समजावून सांगायला नको. तुझ्या त्या मैत्रिणीला मात्र सांगायला हवं, आणि तोंडी सांगून ते कळत नाही. एक कर. वहीचे दोन कागद घे, त्यांच्या दोन बारीक नळ्या कर, त्या तिच्या दोन्ही डोळ्यांना लाव आणि तिला म्हण, आता कॅन्टीनपर्यंत चालत जा. हातातला मोबाईल तिला नीट वाचता येईल. स्टूल, पायरी आणि डावीकडून हात करणारी मैत्रीण, तिन्ही दिसणार नाहीत. आमच्या भाच्यानं हा प्रयोग घरातल्या घरात केला आणि फ्रीजला धडकला. त्यानंतर तो माझ्याशी बोलताना आधी नाव सांगतो.

कायद्यालाही ही गोष्ट माहीत आहे. दृष्टी मोजताना नुसती अक्षरं कुठपर्यंत वाचता येतात एवढंच धरत नाहीत, नजरेचा घेरही धरतात. घेर ४० अंशांपेक्षा कमी असला की अल्पदृष्टी, १० अंशांच्या खाली गेला की अंधत्व, मग समोरचं कितीही स्वच्छ दिसो. तेव्हा तू नाटक करतेस का, असं कोणी विचारलं तर बुजू नकोस.

आता ‘सांगू का?’

सांग. पण सांगणं म्हणजे दवंडी पिटणं नव्हे. तुझ्या मनात बहुतेक असं चित्र आहे की तू वर्गात उभी राहून जाहीर करणार आणि साठ माना वळणार. तसं काही करायचं नाही. सध्या तीन माणसांना कळलं तरी पुष्कळ : परीक्षा विभाग सांभाळणारी व्यक्ती, तुझ्या विभागाच्या प्रमुख आणि रोज तुझ्याबरोबर जाणारी-येणारी एक मैत्रीण. पहिल्या दोघांना कागदावर, तिसरीला चहावर.

मॅडमवर रागावू नकोस. त्यांच्यापुढे अर्धी राहिलेली उत्तरपत्रिका आली, त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता. शाळेत तुझ्या सरांनी सगळं केलं, त्यात त्यांचा मोठेपणा होता, पण त्यामुळे मागायचं कसं हे तुला शिकायलाच मिळालं नाही. कॉलेजात आपलं आपण मागावं लागतं. आणि इथंच बहुतेक मुलांचं चुकतं. काही मागतच नाहीत, आणि जी मागतात ती इतकं मोघम मागतात की समोरच्याला काय द्यावं तेच कळत नाही.

तुझ्यासारख्यांचे अर्ज मी पुष्कळ पाहिलेत. ‘मला दृष्टिदोष आहे तरी कृपया सहकार्य करावे ही नम्र विनंती.’ आता ऑफिसातल्या माणसानं यावर काय करायचं? तो हळहळतो, ‘बघू’ म्हणतो आणि कागद फायलीत लावतो. त्याऐवजी असं लिही :

‘माझ्या नजरेचा घेर अरुंद आहे व कमी उजेडात मला दिसत नाही. दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. येत्या सत्र परीक्षेत मला पुढील सोयी मिळाव्यात. प्रत्येक तासाला २० मिनिटे जादा वेळ. सर्व लेखी पेपरना लेखनिक. तळमजल्यावर, उजेडाची खोली. नकाशा व आकृती पाहून सोडवायच्या प्रश्नांना पर्यायी प्रश्न. प्रात्यक्षिकासाठी मदतनीस. तसेच वर्गातील नोट्स मला टाइप केलेल्या फाइलच्या रूपात मिळाव्यात.’

बस. नम्र विनंती शेवटी घाल हवी तर, त्यानं काही बिघडत नाही. पण वरचा एकेक शब्द असा आहे की त्यावर कोणाला तरी हो किंवा नाही म्हणावंच लागेल. अर्जाच्या दोन प्रती काढ, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ये. पोच नसलेला अर्ज आणि न दिलेला अर्ज यांत फरक नसतो.

यातलं काहीही मी मनानं लिहिलेलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, मानसिक आजार आणि डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेच्या सोयींची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं २९ ऑगस्ट २०१८ ला काढली. तासाला किमान २० मिनिटं त्यातलीच. म्हणजे तुझ्या अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. हा वेळ लेखनिक घेतला नाहीस तरी मिळतो, हे खूप जणांना ठाऊक नसतं. दृष्टिबाधितांना बघून सोडवायच्या प्रश्नांऐवजी दुसरे प्रश्न द्यावेत, परीक्षा शक्यतो तळमजल्यावर घ्यावी, हेही त्यातच आहे. लेखनिकाचं शिक्षण किती असावं, स्वतःचा आणावा की संस्थेनं द्यावा, याबद्दलच्या अटी मात्र मधूनमधून बदलतात. त्यामुळे सीनियर काय सांगतात त्यावर जाऊ नकोस, परीक्षा विभागाकडून आत्ताची अट लेखी घे. आणि परीक्षेचा फॉर्म भरतानाच हे सगळं कर. हॉल तिकीट हातात आल्यावर धावाधाव करणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

(तुझं कार्ड पिवळं आहे म्हणजे तू ४० ते ७९ टक्क्यांत आहेस. पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते : ४० च्या खाली असाल, लिहिताना हात आखडत असेल, तरी लेखनिकाचा दरवाजा बंद नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये अशांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. सरकारी रुग्णालयाचं पत्र मात्र लागतं.)

कार्ड ट्रंकेतून काढ. एक तर त्याची मुदत बघ. आरपी वाढत जाणारा असल्यामुळे काहींना ठरावीक मुदतीचंच प्रमाणपत्र मिळतं आणि ऐन परीक्षेत ते संपलेलं निघतं. दुसरं, त्याच कार्डावर एसटीत ७५ टक्के सवलत आहे आणि तू इतकी वर्षं पारनेरला ती न वापरताच जातेस! शिष्यवृत्त्यांसाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल आणि महाडीबीटी, दोन्हीकडे बघ. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेला पालकांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं. तुमच्या नेहमीच्या सायबर कॅफेवाल्याला दिव्यांगांच्या योजना वेगळ्या असतात हे माहीत नसण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा शेजारी बसून फॉर्म भर.

आता रायटरबद्दल, कारण नियम मिळवणं सोपं आणि रायटर वापरणं अवघड. सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे. टी.वाय.ला राज्यशास्त्राच्या पेपरात मी ‘लोकसत्ताक’ म्हणत होते आणि माझी रायटर, गोड पोरगी, तीन पानं ‘लोकसत्ता’ लिहीत होती. तपासणाऱ्यांना वाटलं असेल मी वर्तमानपत्रावर निबंध लिहिलाय. तुझ्या विषयात तर डेक्कन ट्रॅप, मोनॅडनॉक, आयसोबार असले शब्द. तेव्हा रूममेटला धर, दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घे, घड्याळ लाव आणि तोंडी सोडव. अवघड शब्दांची स्पेलिंगं आधी तुझी तुला पाठ हवीत. पहिल्यांदा सगळी प्रश्नपत्रिका वाचून घ्यायची, कोणते प्रश्न सोडवायचे ते ठरवायचं, मग सुरुवात. ‘नवा परिच्छेद’, ‘खाली रेघ’, ‘कंसात’ हे मोठ्यानं म्हणायची सवय लागते. दर अर्ध्या तासानं वेळ विचार. लिहिलेलं सगळं परत वाचायला लावू नकोस, शेवटचं वाक्य तेवढं वाचून घे, धागा सापडतो. पहिल्या दोन-तीन रविवारी तुला वाटेल, हे आपल्याला जमणार नाही, हातानंच बरं होतं. तरी सोडू नकोस. नजर अजून साथ देतेय तेव्हाच हे शिकून घेतलेलं बरं. मी उशिरा शिकले आणि त्यात एक वर्ष गेलं.

नोट्सचं काय? तू वर्गात पहिल्या बाकावर बसून फळा उतरवत असशील. उतरवू नकोस. त्यात डोळे शिणतात आणि मॅडम काय बोलल्या ते निसटतं. ऐकायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं (मॅडमना विचारून), आणि लिखित रूप फाइलमधून घ्यायचं. फाइल कशी हवी हे मात्र नीट सांग. मराठी माध्यमात आपल्याला एक खास आपला त्रास आहे. डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप करून आणलेल्या नोट्स असतात. डोळ्यांना त्या छान मराठी दिसतात, पण स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी ती नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. एका प्राध्यापकांनी मला मोठ्या प्रेमानं दोनशे पानांची पीडीएफ पाठवली होती, ती उघडली तर मोबाईल भूत लागल्यासारखा बरळायला लागला. तेव्हा अर्जातच शब्द घाल : ‘युनिकोड मराठीत, वर्ड फाइल.’ आणि झेरॉक्सचा मोबाईलवर काढलेला तिरका फोटो म्हणजे फाइल नव्हे, हेही हसतहसत सांगायला लागेल.

मोबाईलमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहेच, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. लॅपटॉप असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. आवाज सुरुवातीला कर्कश वाटेल, महिन्याभरात कान सरावतो. पुस्तकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, तिथं नाव नोंदव. एखादं पुस्तक तिथं नसलं आणि कॉलेजचे ग्रंथपाल ‘स्कॅन करून दिलं तर कॉपीराइटचं काय?’ म्हणाले, तर त्यांना सांग की २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी तशी सूट आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून चालू आहे. एका कॉलेजात मनावर घेतलं तर काय उभं राहतं ते एकदा जाऊन बघण्यासारखं आहे.

तुझ्या कॉलेजात असं काही नसेलही. पण एक गंमत सांगते. कॉलेजच्या संकेतस्थळावर जा आणि नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) पाठवलेला स्वयंमूल्यमापन अहवाल शोध. त्यात दिव्यांगांच्या सोयींबद्दल सरळ प्रश्न असतो : रॅम्प किंवा लिफ्ट आहे का, स्क्रीन रीडर आहे का, वाचक आणि लेखनिक देता का. तुझ्या कॉलेजनं तिथं काय काय ‘आहे’ म्हणून लिहिलंय ते वाच. मग प्राचार्यांना भेटताना ते पान बरोबर ने आणि भोळेपणानं विचार, ‘सर, हा स्क्रीन रीडर कुठल्या खोलीत आहे? मला वापरायचा होता.’ मी हा उपाय आजवर तिघांना सांगितला. एका ठिकाणी आठवड्यात कुलूप निघालं. संगणकावर प्लास्टिक तसंच होतं म्हणे.

आणि नाहीच म्हणाले तर? माझ्या वेळी एका कॉलेजनं ऐन परीक्षेच्या सकाळी माझा रायटर गेटवरून परत पाठवला होता, आणि माझ्या हातात एकही कागद नव्हता. मी त्या दिवशी पेपर लिहिला तो अंदाजानं, ओळीवर ओळ चढवत. तुझ्याकडे पोच असेल. ती घेऊन आधी प्राचार्य, मग विद्यापीठाचा परीक्षा विभाग. तिथंही नाहीच झालं तर दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, लेखी तक्रार करता येते. पण एवढी वेळ क्वचित येते. बहुतेक ठिकाणी माणसं वाईट नसतात, त्यांच्यापुढे आजवर कोणी नीट मागितलेलं नसतं.

पप्पांचं राहिलं. त्यांची भीती खोटी नाही, स्थळं बघताना लोक काय काय विचारतात ते मीही ऐकलंय. पण त्यांना एवढंच विचार : लपवून लग्न ठरलं आणि पहिल्याच संध्याकाळी सासरच्या उंबऱ्याला ठेच लागली, तर मग? त्यांना आणखी एक सांग, ते लगेच कळेल. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असणाऱ्यांचा. त्यासाठी हातात पदवी लागते, आणि पदवीसाठी ते दोन विषय सुटायला हवेत. मुलगी नोकरीला लागल्यावर पप्पांचा सूर कसा बदलतो हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. आईशी वेगळी बोल. ट्रंकेची किल्ली तिच्याकडे असणार.

मैत्रिणींना एकच वाक्य पुरे : ‘मला बाजूचं दिसत नाही, हात करू नका, हाक मारा.’ कारण विचारलं तर सांग, नाही विचारलं तर राहू दे.

भूगोलाची सहल असते ना? प्रात्यक्षिकाच्या वहीवर मार्क असतात म्हणून रात्रीच्या परतीचा विचार न करता जाऊ नकोस. उतरताना कोणाचा हात धरायचा हे निघण्याआधी ठरव. आणि तो तू धरायचा, तिच्या कोपराच्या वर. तिनं तुला ढकलत न्यायचं नाही.

आता ता.क.चं उत्तर. काठी घ्यावीच लागते असं नाही. पण घडीची पांढरी काठी सॅकमध्ये मावते आणि दिवसभर तिथंच पडून राहिली तरी चालते. सहानंतर काढायची. मी माझी पहिली काठी दोन वर्षं कपाटात ठेवली, आणि ज्या दिवशी काढली त्या दिवशी कोणीही ‘दिसत नाही का?’ म्हणून अंगावर आलं नाही, रस्ता सोडला. ती कशी धरायची, समोर किती रुंद फिरवायची हे शिकावं लागतं. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनकडे विचार, नाहीतर मला परत लिही. घेतलीस तर टोकाच्या दोन जादा टोप्या आणून ठेव, आपल्या फुटपाथांवर त्या फार लवकर झिजतात.

तुझी,
ताई